एका खोट्यात बसेल तेवढं

खोटं बोलायचं ठरलं होतं ते पित्ताशयातल्या खड्यांचं. रेश्मानं आणि तिच्या धाकट्या बहिणीनं, अनितानं, इंदापुरात एसटी स्टँडमागच्या अनिताच्या पार्लरात बसून ते पक्कं केलं होतं. खडे बरे. खड्यांना कुणी हसत नाही, कुणी फारसं घाबरतही नाही, आणि सासरच्या गावी, पिंपळीत, बघावं त्या घरात कुणाचे ना कुणाचे खडे काढलेलेच असतात. ऑपरेशन बारामतीत, मग बारा दिवस इंदापुरात बहिणीकडं विश्रांती, मग घरी. पण हे सासूच्या कानावर घालायचं काम दिलं रेश्माच्या नवऱ्याकडं, कुंडलिककडं, आणि त्यानं तिथंच माती खाल्ली.

कुंडलिक माणूस सोन्यासारखा. डाळिंबाची बाग एकट्याच्या जिवावर उभी केलेला. पण आईसमोर त्याची जीभ सहावीतल्या पोरासारखी होते. द्वारकाबाईंनी अंगणात राखुंडीनं दात घासता घासता विचारलं, "कसलं रं आपरेशन?" आणि ह्या गड्याच्या तोंडून पित्त गेलं, खडे गेले, आणि निघालं काय, तर, "छातीत गाठ हाय. काढायचीय."

महिनाभर घरात बायकोचं छातीपुराण ऐकून ऐकून त्याच्या तोंडात छातीच बसली होती. बोलून झाल्यावर त्यालाही घाम फुटला. पण तोंडातनं गेलेला शब्द काय ट्रॅक्टर आहे, रिव्हर्स घ्यायला?

द्वारकाबाईंनी चूळ भरली, पदरानं तोंड पुसलं आणि आत गेल्या. "मिटलं बघ," कुंडलिक बायकोला म्हणाला. रेश्मानं आधी कपाळावर हात मारला, मग विचार केला, की गाठ तर गाठ, काम झाल्याशी कारण. दोघंही अशी शहाणी.

आता खरं काय होतं ते सांगायला हवं. रेश्मा बारामती एमआयडीसीतल्या एका दूध प्रकल्पात प्रयोगशाळेत होती. टँकर आला की दुधाचं फॅट तपासायचं, आकडा लिहायचा. दोन बाळंतपणं, बसून काम, आणि वजन गेलं होतं शहाऐंशीवर. साखर काठावर आली तेव्हा डॉक्टरनं दम दिला. मग बाई जिद्दीला पेटली. रोज पहाटे कालव्याच्या कडेनं पाच किलोमीटर, भात बंद, लग्नातली जिलेबीसुद्धा बंद. दोन वर्षांत सत्तावीस किलो उतरवले. सगळ्या भावकीनं तोंडात बोट घातलं.

पण वजन उतरताना छातीही उतरली, आणि ती कुठं थांबायचं हे विसरली. नुसती कातडी लोंबायला लागली. उन्हाळ्यात खाली घाम साचून लाल चट्टे उठायचे, पावडर मारून मारून ती थकली. आंघोळीला गेली की आरशाकडं पाठ करून साडी नेसायची. "सत्तावीस किलो उतरवले, आणि बक्षीस हे?" असं ती एकदा अनिताजवळ म्हणाली आणि पार्लरच्या खुर्चीत बसून ढसाढसा रडली. त्या रडण्यातनंच डॉक्टर राजलक्ष्मींचा पत्ता निघाला. त्या पुण्याच्या प्लास्टिक सर्जन, दर शनिवारी बारामतीत यायच्या.

मॅडमनी सगळ्या तपासण्या करून घेतल्या, सोनोग्राफी, मॅमोग्राफी. सगळं साफ. मग समोर बसवून कागदावर पेन्सिलीनं चित्र काढलं.

"रेश्माताई, नुसतं इम्प्लांट घातलं तर छाती भरेल, पण आहे तिथंच भरेल, खालीच. वर आणायची तर लिफ्ट करावंच लागेल. जादा कातडी काढायची, बाकीचं वर घ्यायचं. व्रण राहतील, वर्षभरात फिके होतील. आता प्रश्न एवढाच, की लिफ्टबरोबर इम्प्लांटही घालायचं का."

"घाला की. एकदमच करून टाका."

"करता येतं, मी करते. पण एकीकडं कातडी आवळायची आणि त्याच वेळी आत वजन ठेवायचं, यात पुन्हा दुरुस्तीला यायची वेळ जास्त येते. आणि इम्प्लांट जन्मभर पुरतंच असं नाही, पुढं कधीतरी बदलावं लागू शकतं. तुमचं स्वतःचं बऱ्यापैकी शिल्लक आहे. नुसतं लिफ्ट करू, सहा महिने थांबू. तरी वरचा भाग रिकामा वाटला तर तेव्हा घालू."

"नको मॅडम. एकदमच."

"का पण?"

आता मॅडमना काय सांगणार? की मॅडम, एका खोट्यात एकच ऑपरेशन बसतं? एक गाठ काढून झाली, आता सहा महिन्यांनी दुसरी कुठनं आणू? सासू आहे, भावकी आहे, शेजारची म्हाळसा तर दारात टपूनच बसलेली आहे. जे काय व्हायचं ते ह्या एका गाठीत उरकलं पाहिजे. "एकदाच काय ते होऊन जाऊ दे," रेश्मा म्हणाली. मॅडमना वाटलं, बाईंचं मन ठाम आहे. मन कुठलं ठाम? आत 'पुढं कधीतरी बदलावं लागेल' हेच घोळत होतं.

तरी मॅडम म्हणाल्या, "असं करा. दोन मोज्यांत अडीचशे-अडीचशे ग्रॅम तांदूळ भरा आणि दोन दिवस ब्राच्या आत ठेवून हिंडा. घरातलं, कामावरचं, शेतातलं, सगळं करा. आरशात बघा आणि अंगालाही विचारा. पुढच्या रविवारी संध्याकाळपर्यंत मला कळवा, कारण इम्प्लांट मागवायचं तर माप सांगावं लागतं. ऑपरेशन गुरुवारी, त्यासाठी मी मुद्दाम बारामतीत येणार आहे."

तांदळाचा डबा सासूच्या खाटेखाली, ज्वारीचं पोतं मात्र उघडं. रेश्मानं ज्वारी नेली. प्रयोगशाळेतल्या काट्यावर, कुणी नाही असं बघून, दोनशे पन्नास ग्रॅम अगदी दाणा न दाणा मोजली. सवयच ती. लेकीच्या शाळेच्या जुन्या मोज्यांत भरली, तोंडं शिवली आणि शुक्रवारी सकाळी घालून कामावर गेली.

पहिले दोन तास काय ऐट होती! पांढऱ्या कोटात चालताना आपोआप खांदे मागं गेले. टँकरच्या काचेत स्वतःला दोनदा बघून घेतलं. दुपारी मानेत कळ आली. संध्याकाळी ब्राच्या पट्ट्यांनी खांद्यावर वळ उठवले. शनिवारी सुट्टी होती, बागेत डाळिंबाच्या फांद्या बांधायचं काम निघालेलं. फळ फुगायला लागायच्या आत फांदी तारेला सुतळीनं बांधून घ्यावी लागते, नाहीतर वजनानं फाटते. रेश्मा वाकली की मोजे पुढं, वर हात केला की मोजे बगलेत. चौथ्या ओळीला पोचेस्तोवर तिनं त्या ज्वारीला मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या, की ऐकल्या असत्या तर पोतं आपणहून चालत गेलं असतं.

तरी तिनं ठरवलं होतं तेच ठरवून ठेवलं. सवय होईल, असं स्वतःला सांगितलं. उद्या रविवार, मॅडमना फोन करायचा, 'दोन्ही' म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. पुन्हा खोटं बोलायला नको.

संध्याकाळी ती भाकरी थापायला बसली. द्वारकाबाई शेजारी लसूण सोलत होत्या. तिसरी भाकरी थापताना उजव्या मोज्याची शिवण उसवली. आधी एक दाणा परातीत पडला, टण्णकन. मग दुसरा. मग धारच लागली.

द्वारकाबाईंनी आधी वर आढ्याकडं बघितलं. "उंदरं झाली काय गं माळ्यावर?" मग खाली बघितलं. मग सुनेकडं. सुनेच्या पोलक्यातनं ज्वारी गळत होती आणि सून दोन्ही पिठाचे हात छातीवर दाबून दगडासारखी बसली होती.

"रेश्मे," द्वारकाबाई हळूच म्हणाल्या, "उतारा हाय का ह्यो? गाठीवर कुणी सांगितलाय?"

बघा, देवानं दार कसं उघडं ठेवलं होतं. नुसतं 'व्हय' म्हणायचं. उतारा आहे, कुणा महाराजानं सांगितलाय, ज्वारी बांधा म्हणाला. सासूनं एका दमात विश्वास ठेवला असता, वर आणखी मूठभर ज्वारी आणून दिली असती. रेश्माच्या जिभेवर 'व्हय' आलंही होतं.

पण तेवढ्यात द्वारकाबाई दाणे वेचायला पुढं सरकल्या. बसल्या-बसल्या पाय एका बाजूला घेतले, आणि चुलीच्या उजेडात त्यांचे तळवे रेश्माला दिसले. टाचा फुटून रक्त वाळलेलं. चवड्यावर दोन मोठे फोड, एक फुटलेला.

"आत्या, पायाला काय झालं?"

"काय न्हाय."

"काय न्हाय कसं? चपला कुठं हायत तुमच्या?"

द्वारकाबाई दाणे वेचत राहिल्या. "ठिवल्यात. भैरोबाला बोललेय मी. सून धडधाकट घरी येस्तवर पायात घालणार न्हाय."

एप्रिलचा महिना. दुपारी बागेतली माती तव्यासारखी तापते. वीस दिवस ही म्हातारी त्या मातीत अनवाणी हिंडत होती, आणि एका घरात राहून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. कुंडलिकच्या नाही, रेश्माच्याही नाही. रेश्मा आपल्या आरशात गुंतलेली.

"माझी सारजा आठवतीय का तुला?" द्वारकाबाई म्हणाल्या. "न्हाय, तू कुठनं बघणार. माझी धाकटी भन. छातीत गाठ झाली तर लाजंपायी कुणाला दावली न्हाय तिनं. मलाबी न्हाय. कळलं तवा हातात काय उरलं न्हवतं. कुंडलिकनं गाठ म्हणलं आन् मला सारजाच दिसाया लागली बघ. तुला इचारायचं धाडस हुईना. म्हणलं, आपण देवाला इचारावं."

आता मात्र रेश्माच्यानं राहवेना. पिठाच्या हातानंच तिनं सासूचे पाय धरले. "आत्या, गाठ न्हाय हो. गाठ न्हायच. खोटं हाय ते सगळं."

द्वारकाबाईंच्या हातातले दाणे हातातच राहिले. "गाठ न्हाय?"

"न्हाय."

"कुणी तपासलं?"

"दोन-दोन तपासण्या झाल्यात. फोटो काढलेत आतले. एकदम साफ हाय. कागद हायत माझ्याकडं, दावते."

"शपथ घे."

"तुमची शपथ."

"माझी कशाला घेतीस, माझं झालंय वय. तुझ्या लेकीची घे."

"लेकीची शपथ, आत्या. न्हाय गाठ."

द्वारकाबाई भिंतीला टेकल्या. डोळे मिटले. असा एक लांबलचक उसासा सोडला, की वीस दिवस तो छातीत धरून ठेवला असावा. मग रडायला लागल्या. रडता रडता हसायला लागल्या. आणि मग उठून सुनेच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला.

"भवाने! माझ्या जिवाचं पाणी केलंस की गं! आन् त्यो कुठं हाय, त्यो दीडशहाणा? कुंडल्या! ये हिकडं आदी!"

कुंडलिक गोठ्यात होता. आईचा आवाज ऐकून तो म्हशीच्या पलीकडं सरकला आणि जेवणाची वेळ होईपर्यंत काही आला नाही.

मग रेश्मानं सगळं सांगितलं. कालव्यावरच्या चालण्यापासून मोज्यातल्या ज्वारीपर्यंत. सांगताना लाजेनं कान तापले होते, पण एकदा तोंड उघडलं ते उघडलंच. आरसा सांगितला, चट्टे सांगितले, पाठ करून साडी नेसणं सांगितलं. द्वारकाबाई मधेच एकदा आपल्या छातीकडं बघून म्हणाल्या, "माझ्यासारखी झालीय व्हय? माझी तर कमरंत खोचायची पाळी आलीय." आणि दोघी इतक्या हसल्या, की तव्यावरची भाकरी करपली.

"मला काय ह्यातलं कळत न्हाय बाई," हसू ओसरल्यावर त्या म्हणाल्या. "मला आरशात बघायला कधी येळच घावला न्हाय. पर तुला खुपतंय ना? मग कर. कातडं वर घ्यायचं तर घे. पर ही आत वजान भरायची काय भानगड हाय? दोन दिसांत मान वाकडी झालीय तुजी, बघतेय मी. हवंय व्हय तुला त्ये?"

रेश्मानं करपलेली भाकरी तव्यावरनं बाजूला काढली. गेल्या महिनाभरात हा प्रश्न तिला असा सरळ कुणी विचारलाच नव्हता, तिनं स्वतःलाही नाही. मॅडमनी 'का' विचारलं होतं, पण त्या 'का'च्या वाटेवर खोटं आडवं पडलं होतं.

"म्हाईत न्हाय आत्या," ती म्हणाली. "वर उचलायचं हाय एवढं नक्की. भरायचं हाय का न्हाय, ते उचलून झाल्याबिगर कसं कळणार? डाक्टरीणबाईबी त्येच म्हणत हुत्या. पर मला वाटलं, परत जायचं झालं तर परत काय सांगून जाऊ? म्हणून म्हणलं दोन्ही एकदमच उरकावं."

द्वारकाबाईंनी कपाळाला हात लावला. "म्हंजी मला फशिवता येईना म्हणून तू आंगात वजान घालून घेणार हुतीस?"

असं उघड्यावर मांडल्यावर ते किती खुळ्यासारखं वाटलं! पण होतं तसंच होतं.

"आज दिसभर बागंत काय केलंस?" द्वारकाबाई म्हणाल्या. "फांदी बांधलीस. बांधतानाच फळंबी टांगलीस का तिला? न्हाय ना? आदी बांधून घे. मग बघ, कितपत धरायचंय. परत जायचं झालं तर परत जा. सांगून जा, म्हंजी झालं."

त्या रात्री रेश्मा डावा मोजाही काढून पोत्यात रिकामा करून आली. मानेवरचं ओझं उतरलं ते उतरलंच, पण त्याहून मोठं कुठलंतरी उतरलं. कितीतरी दिवसांनी ती अंथरुणाला पाठ लागताच झोपली. कुंडलिक मात्र जागा होता, आई सकाळी काय बोलेल या काळजीत.

रविवारी सकाळीच तिनं फोन लावला. संध्याकाळची वाट कशाला बघायची? "मॅडम, नुसतं लिफ्ट करा. इम्प्लांट नको. सहा महिन्यांनी बघू."

पलीकडनं मॅडम हसल्या. "मान दुखली?"

"मान दुखली. आणि घरी सांगितलं."

"मग तर निम्मं काम झालं," मॅडम म्हणाल्या.

एक मात्र राहिलं. चपला. रेश्मानं, कुंडलिकनं, दोघांनी हातापाया पडून सांगितलं, की गाठ नाही म्हटल्यावर नवस कसला, घाला आता. द्वारकाबाई ऐकायला तयार नाहीत. "देवाला मी गाठीचं काय बोलले न्हवते. सून धडधाकट घरी येऊ दे म्हणले हुते. आपरेशन हाय का न्हाय? मग!" शेवटी कुंडलिकनं एवढंच केलं, की आईला बागेत पाऊल टाकू दिलं नाही, आणि तळव्यांना मलम लावायचं काम आपल्याकडं घेतलं. गाठीची शिक्षा म्हणून गुपचूप लावायचा.

ऑपरेशन ठीक झालं. बारा दिवस इंदापुरात अनिताकडं काढले. हायवेवरच्या ट्रकांचे हॉर्न ऐकत, पाठीवर झोपून, बहिणीच्या हातचं आयतं खात. म्हाळसानं गावात विचारलंच, की कसलं आपरेशन म्हणायचं? द्वारकाबाईंनी सांगितलं, "छातीचं. गाठ न्हाय, काय न्हाय. तिला त्रास हुता, करून घेतलं. तुला काय करायचं हाय?" म्हाळसा दोन दिवस त्यांच्या दारावरनं गेली नाही. तेराव्या दिवशी रेश्मा घरी उतरली, तेव्हा द्वारकाबाई आधी भैरोबाला जाऊन आल्या, मग कोनाड्यातल्या चपला काढल्या, धूळ झटकली आणि पायात घातल्या. चार पावलं चालून बघितली. "ह्या बया, विसरलेच हुते कसं वाटतं ते."

सहा महिने झाले. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी रेश्मा तपासणीला बारामतीला निघाली, तर द्वारकाबाई आपणहून इरकली लुगडं नेसून तयार. "म्याबी येते. बघूदे तरी कोण ती डाक्टरीण."

मॅडमनी पडद्याआड तपासलं. व्रण फिके पडत चाललेले. उन्हाळ्यातले चट्टे तर कधीच गेलेले. मग रेश्माला भिंतीवरच्या मोठ्या आरशासमोर उभं केलं आणि तिथंच विचारलं, "तर मग रेश्माताई, इम्प्लांटचं काय? वरचा भाग भरून हवाय? आता सहज घालता येईल."

रेश्मा आरशात बघत राहिली. तोंडानं काही बोलली नाही. बोलावंसं वाटेना. पाठ न करता, पदर न ओढता, स्वतःकडं असं नीट बघून तिला किती वर्षं झाली होती. अगदी लग्नातल्यासारखी नव्हती छाती. वर थोडी रिकामी होती, खाली दोन फिक्या रेघा होत्या. पण तिची होती. जिथं असायला हवी तिथं होती. तिला एकदम इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले, म्हणून ती आणखी थोडा वेळ गप्प राहिली.

पडद्याच्या अलीकडं खुर्चीवर द्वारकाबाई बसल्या होत्या. सुनेची ती गप्प बसलेली शांतता त्यांनी ऐकली, आणि त्यांना काय समजायचं ते त्या समजल्या. कपडे सारखे करून रेश्मा पडदा बाजूला सारून बाहेर आली, तर म्हातारी खुर्चीत वाकून चपलांमधनं पाय काढत होती. एक पाय काढून झाला होता. उघडा तळवा फरशीवर होता, फोडांच्या जागी अजून काळे डाग होते.

"अहो आत्या, काय करताय?"

"आपरेशन हाय म्हणतीस न्हवं परत?" द्वारकाबाई सहज म्हणाल्या, जणू दाराबाहेर चप्पल काढून ठेवावी इतकं ते साधं होतं. "हूदे. हिवाळा येतोय आता, पाय भाजणार न्हाईत."

रेश्मा खाली बसली. सासूची निघालेली चप्पल हातात घेतली, आणि तो भेगाळलेला पाय उचलून स्वतःच्या हातानं तिच्यात घातला.

"घाला आत्या," ती म्हणाली. "मला काय नको. झालंय माझं."